ग्वेनल्लियन: एका वेल्श नावामागची गोष्ट

ग्वेनल्लियन हे वेल्समधलं मुलींचं फार जुनं नाव, १२व्या शतकात राजघराण्यात सापडतं आणि आजही ठेवतात. ‘ग्वेन’ म्हणजे शुभ्र, पवित्र, आणि ‘ल्लियन’चा संबंध बरेच जण लिननच्या कापडाशी जोडतात. मधला ‘ल्ल’ मात्र आपला ल्ल नाही, जीभ ल म्हणताना लावतो तशीच लावायची आणि आवाज न काढता बाजूने हवा सोडायची. परक्या माणसाची आपल्या ळ पुढे जी गत होते तीच इंग्रजांची इथे होते.

पहिली गाजलेली ग्वेनल्लियन ही उत्तरेतल्या ग्विनेदच्या राजाची लेक, दक्षिणेतल्या देहेबार्थ राज्यात दिलेली. ११३६ मध्ये नवरा तिच्या वडिलांकडे मदत मागायला गेलेला, आणि इकडे नॉर्मन सरदारांशी गाठ पडायची वेळ आली तर ही स्वतः फौज घेऊन किडवेलीच्या गडाजवळ उभी राहिली, सोबत दोन मुलगे. हरली, मारली गेली, एक मुलगा तिथेच पडला, दुसरा कैद झाला. त्या जागेला अजून माएस ग्वेनल्लियन म्हणतात, म्हणजे ग्वेनल्लियनचं रान. धाकटा रीस तेव्हा जेमतेम चार वर्षांचा, तो पुढे लॉर्ड रीस म्हणून दक्षिण वेल्सचा सगळ्यात बलाढ्य राजा झाला.

पण मला जास्त लागते ती दुसरी. जून १२८२ मध्ये जन्मली, आई बाळंतपणातच गेली, आणि त्याच डिसेंबरात वडील ल्लेवेलिन, वेल्सचे शेवटचे स्वतंत्र राजे, लढाईत मारले गेले. हिच्या पोटी उद्या गादीचा वारस नको म्हणून इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने त्या तान्ह्या पोरीला थेट इंग्लंडमध्ये लिंकनशरला, सेम्प्रिंगमच्या मठात धाडलं. पन्नासहून जास्त वर्षं ती तिथेच राहिली, १३३७ मध्ये तिथेच वारली. इंग्रजी कागदांत तिचं नाव वेन्सिलियन वगैरे काहीबाही लिहिलंय, म्हणजे तो ‘ल्ल’ तिथे कुणाला धड जमत नव्हता. आख्ख्या आयुष्यात तिला तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जातच नाही.

नाव मात्र टिकलं. १९१० मध्ये ब्रेकनला ग्वेनल्लियन मॉर्गन महापौर झाल्या, वेल्समधल्या पहिल्या महिला महापौर. आणि २००९ मध्ये, दुसरी जिथे जन्मली त्या आबेरच्या वरच्या अंगाच्या डोंगररांगेत, एका शिखराचं नाव बदलून कार्नेद ग्वेनल्लियन केलं. कार्नेद ल्लेवेलिन त्याच रांगेत आहे.