झॉम्बी २ (इटालियन चित्रपट) : प्रेक्षकांची मते

लूचो फुल्ची (१९२७–१९९६) या इटालियन दिग्दर्शकाचा १९७९ सालचा भयपट. कॅरिबियन समुद्रातील ‘मातुल’ या काल्पनिक बेटावर मेलेली माणसे ‘झॉम्बी’ होऊन उठतात आणि जिवंतांना खाऊ लागतात, एवढाच त्याचा विषय. इटलीत तो २५ ऑगस्ट १९७९ रोजी प्रदर्शित झाला. अमेरिकेत ‘झॉम्बी’ आणि ब्रिटनमध्ये ‘झॉम्बी फ्लेश ईटर्स’ या नावांनी तो ओळखला जातो. भीती, रक्त आणि नग्नता यांच्या बळावर थोड्या खर्चात पैसा मिळवणाऱ्या चित्रपटांना ‘एक्सप्लॉयटेशन’ म्हणतात. त्या वर्गातले बहुतेक चित्रपट वर्षभरात विसरले जातात. या चित्रपटावर मात्र चार दशकांहून अधिक काळ प्रेक्षक हिरिरीने वाद घालत आहेत. कोणी त्याला गल्लाभरू कचरा म्हणतो, तर कोणी इटालियन भयपटाचा मानबिंदू. या मतांचा इतिहास पाहताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते : वेगवेगळ्या देशांतल्या आणि पिढ्यांतल्या प्रेक्षकांनी पाहिलेल्या प्रती एकसारख्या नव्हत्या, आणि त्यांच्या मतभेदाचा मोठा भाग त्या प्रतींमधूनच आला आहे.

नावातला ‘२’ हा पहिला वाद. जॉर्ज रोमेरो यांचा ‘डॉन ऑफ द डेड’ हा अमेरिकन चित्रपट सप्टेंबर १९७८ मध्ये इटलीत ‘झॉम्बी’ या नावाने झळकला. त्याला आर्थिक हातभार लावणारे इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो यांनी युरोपसाठी त्याची वेगळी संकलित आवृत्ती केली होती. तो जोरात चालला. म्हणून फुल्चींचे निर्माते फाब्रित्सिओ दे आंजेलिस आणि उगो तुच्ची यांनी आपल्या चित्रपटाच्या नावापुढे दोनचा आकडा लावून टाकला. गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग असल्याचे भासवून दुसराच चित्रपट विकण्याची चाल इटालियन बाजारात तेव्हा सर्रास होती. दोन्ही कथांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पटकथेवर नाव एलिझा ब्रिगांती यांचे असले, तरी त्यांचे पती दार्दानो साकेत्ती यांचा तीत मोठा वाटा होता.

कथा थोडक्यात अशी : न्यूयॉर्कच्या बंदरात एक शिडाची बोट माणसांविना वाहत येते. तिच्या मालकाची मुलगी अ‍ॅन (तिसा फॅरो) आणि पीटर वेस्ट हा पत्रकार (इयन मॅक्कलक) तिच्या वडिलांच्या शोधात मातुल बेटाकडे निघतात. ब्रायन आणि सूझन हे जोडपे त्यांना आपल्या बोटीतून नेते. बेटावर डॉ. मेनार्ड (रिचर्ड जॉन्सन) एका जुन्या चर्चमध्ये रुग्णालय चालवत असतात. मेलेला प्रत्येक रुग्ण पुन्हा उठतो आणि डॉक्टरांना त्याच्या डोक्यात गोळी घालावी लागते. बाहेरचे चित्रीकरण डॉमिनिकन रिपब्लिक आणि न्यूयॉर्क इथे, तर आतली बरीच दृश्ये रोममध्ये घेतली गेली.

चित्रपट आवडणारे आणि न आवडणारे दोघेही ज्या दृश्याबद्दल हमखास बोलतात, ते डोळ्याचे. डॉक्टरांची पत्नी पाओला (ओल्गा कार्लातोस) घरात एकटी असते. झॉम्बीचा हात दाराच्या फळ्या फोडून आत येतो, तिचे केस धरतो आणि तिला फुटक्या लाकडाच्या टोकदार सळीकडे ओढू लागतो. एरवी अशा वेळी कॅमेरा दुसरीकडे वळतो किंवा किंकाळी ऐकवून दृश्य तोडले जाते. फुल्ची तसे काहीच करत नाहीत. सळीचे टोक जवळ येत राहते, पाओलाच्या नजरेतून आपणही ते पाहतो, आणि शेवटी ते डोळ्यात शिरतानाही दिसते. ही निव्वळ क्रूरता आहे, असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप फेटाळण्याजोगा नाही. स्त्रीच्या देहावरचा अत्याचार इथे देखावा म्हणून मांडलेला आहे, आणि याच पाओलाला थोडे आधी न्हाणीघरात विवस्त्र दाखवले आहे. पण दृश्याची बांधणी पाहिली तर त्यात घाई नाही आणि फसवणूकही नाही. सेर्जो साल्वाती यांचा कॅमेरा आणि जानेत्तो दे रॉसी यांची रंगभूषा व यांत्रिक करामत यांनी मिळून केलेले हे काम कारागिरी म्हणून अव्वल आहे. प्रेक्षक मान फिरवतो ती वेळ दिग्दर्शकाने नेमकी मोजलेली असते.

दुसरे गाजलेले दृश्य पाण्याखालचे. सूझन समुद्रात बुडी मारते, तिच्यामागे शार्क येतो, ती प्रवाळाआड लपते तर तिथे झॉम्बी असतो. ती निसटते, आणि मग झॉम्बी व शार्क यांची झुंज जुंपते. हे सारे खऱ्या शार्कसोबत चित्रित झाले आहे. मेक्सिकोतील इस्ला मुखेरेस बेटाजवळ ते घेतले गेले आणि झॉम्बीचे काम शार्कचे जाणकार रामोन ब्राव्हो यांनी केले. ही कल्पना निर्मात्यांकडची होती आणि फुल्ची यांना ती पसंत नव्हती. त्यांनी हा भाग स्वतः दिग्दर्शित केला नाही. तरीही चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही हे दृश्य ठाऊक असते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ७ या प्रणालीच्या एका जाहिरातीतही ते वापरले गेले. शार्कला आधी भरपूर खाऊ घालून गुंगीचे औषध दिले होते, असे सांगितले जाते. प्राण्यांच्या वागणुकीबद्दल सजग असलेल्या आजच्या प्रेक्षकाला ते खटकते, आणि खटकायलाही हवे. मात्र त्या झुंजीतली संथ, जवळजवळ नाचासारखी लय पाण्याबाहेरच्या कुठल्याही दृश्यात आलेली नाही.

तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यांत विलक्षण एकवाक्यता आहे. पहिली, गती. पहिला बराच वेळ बोटी, नकाशे, रुग्णालय आणि बोलणे यांतच जातो. दुसरी, पात्रांचे वागणे. झॉम्बी इतके हळू येतात की म्हातारा माणूसही पळून जाईल, पण माणसे जागच्या जागी उभी राहून स्वतःचा गळा त्यांच्या हाती देतात. स्पॅनिश स्वाऱ्यांतल्या सैनिकांच्या दफनभूमीत सूझनचा अंत असाच होतो. ही तक्रार खरी आहे. तिचे समर्थन करणारे ‘स्वप्नात पाय उचलत नाहीत, तसे हे’ असे सांगतात. फुल्ची यांच्या पुढच्या चित्रपटांना ते लागूही पडते, पण इथे कथा सरळ, साहसकथेच्या वळणाची असल्यामुळे हा बचाव लंगडा वाटतो.

तिसरी तक्रार आवाजाची आहे. ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरेच येते. यामागचे कारण बहुतेकांना माहीत नसते. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज अंतिम प्रतीत वापरतच नसत. कलाकार वेगवेगळ्या देशांतले असत, आपापल्या भाषेत बोलत, आणि सगळे संवाद नंतर ध्वनिमुद्रण कक्षात भरले जात. त्यामुळे ‘मूळ भाषेतली’ म्हणावी अशी आवृत्तीच नसे. इटालियन प्रतीही डब केलेलीच, इंग्रजीही डब केलेलीच. अभिनय लाकडी वाटतो तो काही अंशी यामुळेच. रिचर्ड जॉन्सन यांच्याबद्दल मात्र सहसा कोणी वाईट बोलत नाही. रंगभूमीवर शेक्सपिअर गाजवलेला हा नट, घामाने थबथबलेला आणि दारूत बुडालेला मेनार्ड, पूर्ण गांभीर्याने उभा करतो.

शेवटच्या दृश्यात झॉम्बींचा जथा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून चालत येतो, रेडिओवरचा निवेदक शहर पडल्याचे सांगतो, आणि त्याच चौकटीत खाली मोटारींची रहदारी निवांत चालू असते. पूल बंद करण्याइतका पैसा निर्मात्यांकडे नव्हता, हे उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनी या मोटारी दाखवून दिल्या आहेत. तरीही खांबांमधून येणारे ते मळकट देह आणि त्यांच्यावर वाजणारे फाबिओ फ्रीत्सी यांचे संगीत यांचा परिणाम कमी होत नाही. हृदयाच्या ठोक्यासारखा एकसुरी ताल आणि त्यावर सिंथेसायझरची चढत जाणारी धून, एवढ्याच ऐवजावर ते उभे आहे. चित्रपट न आवडणारेही संगीताची बाजू घेतात, हे आवर्जून नोंदवायला हवे. पुढे फ्रीत्सी यांनी फुल्चींच्या चित्रपटांतील संगीताचे स्वतंत्र कार्यक्रम केले आणि ते ऐकायला लोक जमले.

अमेरिकेत जेरी ग्रॉस यांच्या कंपनीने १९८० मध्ये हा चित्रपट वितरित केला. डोळ्याच्या खोबणीत किडे वळवळणाऱ्या झॉम्बीचा चेहरा भित्तिपत्रकावर होता, आणि चित्रपटगृहांत प्रेक्षकांना उलटीसाठी कागदी पिशव्या वाटल्या गेल्या. जाहिरातबाजी म्हणून हे सोडून देता येईल, पण तिथल्या प्रेक्षकाच्या मताला वळण तिथेच लागले. तो हा चित्रपट ‘किती सहन होते’ याची कसोटी म्हणून पाहायला गेला आणि तेवढ्यावरच त्याने निकाल दिला. वृत्तपत्रीय समीक्षकांनी रोमेरोंशी तुलना करून त्याला खालच्या पायरीवर बसवले. रोमेरोंच्या चित्रपटात शॉपिंग मॉल होता आणि ग्राहकवृत्तीवरचे भाष्य होते. इथे तसे काही शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

ब्रिटनमधली हकीकत सर्वांत गुंतागुंतीची आहे. तिथल्या सेन्सॉर मंडळाने १९८० मध्ये सुमारे पावणेदोन मिनिटांची कात्री लावून ‘एक्स’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र दिले. डोळ्याचे दृश्य अर्थातच त्यात सापडले. पण व्हिडिओ कॅसेटला तेव्हा प्रमाणपत्राचे बंधन नव्हते. व्हिप्को या कंपनीने आधी कापलेली आणि मग न कापलेली अशा दोन्ही प्रती बाजारात आणल्या. घराघरांत पोहोचलेल्या अशा कॅसेटविरुद्ध वृत्तपत्रांनी आणि मेरी व्हाइटहाउस यांच्यासारख्या नीतिरक्षकांनी मोहीम उघडली आणि त्यांना ‘व्हिडिओ नॅस्टीज’ (ओंगळ व्हिडिओ) हे नाव रूढ झाले. सरकारी अभियोक्त्यांनी केलेल्या अशा कॅसेटच्या यादीत एकूण ७२ चित्रपट होते. त्यांपैकी ३९ चित्रपटांविरुद्ध अश्लीलताविरोधी कायद्याखाली गुन्हा शाबित झाला, आणि त्या ३९ मध्ये हा होता. १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याने प्रत्येक कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचे केले. नव्वदच्या दशकात कापलेल्या प्रती पुन्हा आल्या, आणि संपूर्ण चित्रपटाला १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी परवानगी मिळायला २००५ साल उजाडले.

या वीस-पंचवीस वर्षांत ब्रिटिश प्रेक्षकाने पाहिलेली प्रत बहुधा कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली, रंग विटलेली असे. मूळ चित्रपट रुंद पडद्याचा आहे. दूरचित्रवाणीच्या चौकोनात बसवताना दोन्ही कडा छाटल्या जात, आणि रात्रीची दृश्ये नुसता काळोख होऊन बसत. अशा प्रतीवरून ‘छायाचित्रण गचाळ आहे’ असे मत होणे साहजिकच. उलट चोरून मिळवलेल्या वस्तूची ओढ मोठी असते, त्यामुळे काहींनी त्याची गरजेपेक्षा जास्त थोरवी गायली. पुढे ब्रिटनमध्ये अ‍ॅरो व्हिडिओने २०१२ मध्ये आणि अमेरिकेत ब्लू अंडरग्राउंडने मूळ निगेटिव्हवरून सुधारलेल्या प्रती काढल्या (२०२० मध्ये फोर-के या अधिक सुस्पष्ट रूपातही), तेव्हा धुळीने भरलेला गावातला रस्ता, त्यावरून खेकडा सरपटणारा तो निर्मनुष्य चौक, चर्चच्या भिंतींवरचा पिवळा उजेड हे सारे प्रथमच नीट दिसले. जुन्या समीक्षा वाचताना समीक्षकाने कोणती प्रत पाहिली हे माहीत नसेल, तर त्याच्या छायाचित्रणाविषयीच्या शेऱ्याला फारसे वजन देऊ नये.

फुल्ची यांना स्वतःला या लोकप्रियतेचा अंदाज फार उशिरा आला. त्याआधी त्यांनी विनोदी, गुन्हेविषयक आणि वेस्टर्न असे नाना प्रकारचे चित्रपट केले होते. या चित्रपटाच्या यशामुळेच पुढची ‘सिटी ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९८०), ‘द बियाँड’ आणि ‘द हाउस बाय द सिमेटरी’ (दोन्ही १९८१) ही मालिका शक्य झाली. जानेवारी १९९६ मध्ये, मृत्यूच्या दोनच महिने आधी, ते न्यूयॉर्कमध्ये भयपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला आजारी अवस्थेत गेले. हिमवादळ असूनही त्यांना भेटायला लोकांची गर्दी लोटली. इटलीबाहेर आपले चित्रपट इतके पाहिले जातात याची कल्पना नव्हती, असे त्यांनी तिथे सांगितले.

भारतीय प्रेक्षकाची या प्रकाराशी ओळख बरीच नंतरची आहे. ‘गो गोवा गॉन’ (२०१३) या हिंदी चित्रपटाने गोव्याजवळच्या बेटावर झॉम्बी आणले आणि आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) त्यांना डोंबिवलीत उतरवले. दोन्हीकडे विनोदाचा आधार आहे. फुल्चींच्या चित्रपटात विनोदाला जागाच नाही. तिथून मागे जाऊन पाहणाऱ्याला हे कोरडे गांभीर्य आधी अनोळखी वाटते.

अलीकडची सर्वांत विचार करायला लावणारी चर्चा बेट आणि वसाहतवाद यांच्याविषयी आहे. झॉम्बीची मूळ कल्पना हैतीमधल्या गुलामगिरीच्या अनुभवातून आली. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेने हैतीवर ताबा ठेवला आणि त्याच काळात ती हॉलिवूडमध्ये शिरली. रोमेरोंनी झॉम्बीला या मुळापासून तोडून अमेरिकेच्या अंगणात आणले, तर फुल्ची आणि साकेत्ती त्याला पुन्हा कॅरिबियनमध्ये घेऊन गेले, ढोलांच्या आवाजासह. आक्षेप असा, की बेटावरच्या काळ्या लोकांना इथे चेहराच नाही. ते एकतर रुग्ण आहेत किंवा प्रेते, आणि त्यांचा धर्म म्हणजे रात्री दुरून येणारा धोक्याचा आवाज. हे खरेच आहे. चित्रपटाने त्या लोकांबद्दल कुतूहल दाखवलेले नाही. दुसरी बाजू मांडणारे दोन गोष्टींकडे बोट दाखवतात. मेनार्डचा स्थानिक मदतनीस ल्यूकस आपल्या आजोबांचे म्हणणे सांगतो : जमीन मेलेल्यांना बाहेर टाकेल, तेव्हा ते जिवंतांचे रक्त पिण्यासाठी परत येतील. गोरा डॉक्टर ती अंधश्रद्धा म्हणून उडवून लावतो. पुढे घडते ते ल्यूकसच्याच म्हणण्याप्रमाणे. रोगाचे कारण मात्र विज्ञानाला शेवटपर्यंत सापडत नाही. आणि जमिनीतून पहिल्यांदा डोके वर काढतात ते गावकरी नव्हेत, तर चारेकशे वर्षांपूर्वी बेट जिंकायला आलेले स्पॅनिश सैनिक. पटकथाकाराच्या मनात हे होते असे मानायला ठोस आधार नाही. कवट्यांवरची माती अधिक भयानक दिसावी एवढाच हेतू असू शकतो. पण पडद्यावर जे आहे ते आहे, आणि दफनभूमीचे ते दृश्य पाहून काही प्रेक्षक जुन्या जेत्यांच्या पापाबद्दल बोलतात, तर काही सूझन पळत का नाही, असे विचारतात.