फेनिटॉइनची रक्तपातळी : रुग्णागणिक फरक

फेनिटॉइन हे अपस्मारावरचे (मिरगी, फेफरे) जुने औषध. जर्मन रसायनज्ञ हाइन्रिख बिल्ट्झ यांनी ते १९०८ साली तयार केले. झटके रोखण्याचा त्याचा गुण मेरिट व पुटनम या अमेरिकी डॉक्टरांनी १९३८ मध्ये दाखवला. रक्तातील उपयुक्त पातळी मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम मानतात. हा पट्टा ढोबळच आहे. त्याखाली असूनही झटके थांबलेले रुग्ण आढळतात.

पातळीतील फरकाचे मुख्य कारण यकृत. तेथील सीवायपी२सी९ हे विकर (एन्झाइम) औषधाचे बहुतांश विघटन करते, पण त्याची क्षमता लवकर संपते. ती संपत आली की रोज ३०० मिलिग्रॅमवर स्थिर असलेल्याला ४०० दिल्यास पातळी एक तृतीयांशाने वाढून थांबत नाही, दुप्पटही होऊ शकते. या विकराच्या जनुकातील काही भेद असलेल्यांत नेहमीची मात्राही जास्त ठरते. पातळी २०च्या वर गेली की नजर कडेला नेताच बुबुळे थरथरतात. ३०च्या आसपास तोल जातो, आणि घरच्यांना माणूस पिऊन आल्यासारखा वाटतो.

रक्तातील सुमारे ९० टक्के औषध अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला चिकटलेले असते. काम करतो तो उरलेला मोकळा भाग. कुपोषण, यकृत व मूत्रपिंडाचे विकार यांत मोकळा भाग वाढतो, तरी अहवालातील एकूण आकडा कमीच दिसतो. त्यासाठी शायनर-टोझर सूत्र वापरतात : मोजलेली पातळी भागिले (०.२ × अल्ब्युमिन + ०.१). अल्ब्युमिन डेसिलिटरला २ ग्रॅम आणि पातळी ८ असल्यास उत्तर १६ येते. ०.२ हा गुणक काहींना कमी वाटतो, ते ०.२५ किंवा त्याहून थोडा अधिक घेतात. अतिदक्षता विभागातील रुग्णांत सूत्र बरेचदा चुकते, म्हणून सोय असेल तेथे मोकळी पातळीच मोजणे बरे.

क्षयरोगाची औषधे चालू असतील तर हिशेब अवघड होतो. आयसोनियाझिड विघटन रोखते. ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड मंदपणे निकामी होते त्यांच्यात फेनिटॉइन साचते, आणि भारतात असे लोक बरेच आहेत. रिफॅम्पिसिन उलट विघटन वाढवते. दोन्ही सोबत असताना कोणाचा जोर चालतो यावर एकमत नाही. रिफॅम्पिसिनचा, असे मानण्याकडे कल आहे. उपचार संपल्यावर पातळी पुन्हा चढू शकते.

सर्वांत साधे कारण गोळ्या चुकणे. बीड, धाराशिव भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या माणसाच्या गाठोड्यातील गोळ्या फडावर संपतात. कोपीपासून (मजुरांच्या झोपडीपासून) दवाखाना लांब, आणि खाडा केला की मजुरी बुडते. हंगाम संपवून तो घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात) किंवा आंबेजोगाईच्या शासकीय रुग्णालयात दाखवतो तेव्हा पातळी अर्थातच कमी येते. गोळ्या किती दिवस बंद होत्या हे न विचारता मात्रा वाढवली, तर गावी नियमित गोळ्या सुरू होताच विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. मात्रा बदलल्यावर पातळी स्थिरावायला आठवडा ते दहा दिवस, कधी त्याहून जास्तही लागतात. त्याआधीचा नमुना दिशाभूल करतो. नमुना सकाळच्या गोळीपूर्वी घेतात.

मुलांत विघटन वेगवान, वृद्धांत मंद असते. गरोदरपणी एकूण पातळी घसरते. फॉलिक ॲसिडनेही ती काहीशी उतरते.