लाखोळी डाळ आणि अधू झालेले पाय

1831 च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या सागर भागात लागोपाठ गहू बुडाला. त्याच शेतांत आपोआप माजलेली लाख, म्हणजे लाखोळी हे कडधान्य, मात्र तगली. लोकांनी तीच खाऊन दिवस काढले आणि तिचा पाला-काड्या गुरांना घातल्या. 1833 पासून गावातले तरुण एकाएकी कंबरेखाली लुळे पडू लागले. बाधा झालेले बहुतेक तिशीच्या आतले होते. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने हे लिहून ठेवले आहे. त्याहून कितीतरी आधी भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात या कडधान्याला माणूस लंगडा-पांगळा करणारे म्हटले होते. 1873 मध्ये नेपल्सच्या कान्तानी यांनी या आजाराला लॅथिरिझम हे नाव दिले.

चिकित्सेच्या दृष्टीने हा आजार विलक्षण आहे. दोन-तीन महिने रोजच्या जेवणाचा मोठा भाग लाखोळीचाच असला की पोटऱ्या जड वाटतात, पाय ताठरतात. माणूस टाचा उचलून, गुडघे एकमेकांना घासत चालतो. मेंदूकडून पायांकडे हालचालीचा हुकूम नेणारे मज्जातंतूच यात मरतात. त्यामुळे स्पर्श कळतो, बुद्धी शाबूत राहते, हातही बहुधा वाचतात. डॉक्टर रुग्णांची वर्गवारी काठीवरून करतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातांवर सरपटणारा. आजार पुढे वाढत राहतोच असे नाही, पण गेलेले पाय परत येत नाहीत. असा माणूस पुढे चाळीस-पन्नास वर्षेही जगतो, म्हणून याला किरकोळ म्हणणे मला क्रूर वाटते.

दोष डाळीतच आहे याचा भीषण पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. 1942 मध्ये रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना जनावरांसाठीची लाख खायला दिली गेली आणि शेकडो जणांचे पाय गेले. कैद्यांपैकीच एक असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी आजार ओळखला. पुढे अनेक वर्षे ते या रुग्णांची देखभाल करत राहिले.

विष नेमके कोणते, हे 1964 मध्ये भारतात कळले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. आज ते ओडॅप म्हणून ओळखले जाते. त्याची घडण ग्लुटामेटसारखी असते. ग्लुटामेट हा मेंदूतल्या पेशींमधला रोजचा निरोप्या. ओडॅप त्याच्याच जागी जाऊन बसते, पेशीला सारखी चेतवत राहते आणि ती अतिश्रमाने मरते. 1986 मध्ये पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून या कल्पनेला बळ दिले.

पण रसायन सापडले म्हणजे कारण सापडले असे मी मानत नाही. आठवड्यातून एखादे दिवशी लाखोळीचे वरण खाणाऱ्याचे पाय जात नाहीत. दुसरे काही खायलाच नसते, त्याचे जातात. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच लाखेच्या रूपात मिळे आणि तिथेच रुग्णांची रांग लागली. ज्याच्या घरी गहू-तांदूळ होता तोही तीच डाळ अधूनमधून खात होता आणि धडपणे चालत होता. इथिओपिया आणि बांगलादेशातल्या साथीही दुष्काळ-पुराच्या मागोमाग आल्या. हे झाड कोरड्या जमिनीतही तगते आणि पाणी साचलेल्या जमिनीतही, म्हणून इतर पिके गेली की उरते तेच.

आपल्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या धानपट्ट्यात धान कापण्याआधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळीचे बी फेकतात. ना नांगरट, ना पाणी. 1961 मध्ये केंद्राच्या भेसळ प्रतिबंधक नियमांत विक्रीबंदीची तरतूद झाली. तूरडाळीत आणि बेसनात लाखोळी मिसळली जाते ही त्यामागची एक मोठी धास्ती होती. बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी दीर्घ लढा दिला. 2016 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने कमी ओडॅप असलेल्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या वाणांना हिरवा कंदील दाखवला.

डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकले की बरेचसे विष निघून जाते. मात्र पाणी आणि सरपण दोन्हींची टंचाई असलेल्या घरात हा उपाय टिकत नाही. नव्या वाणांचीही एक अडचण आहे. फुलांवर मधमाश्या येतात, शेजारच्या शेतातल्या जुन्या वाणाचा पराग बसतो आणि काही हंगामांत बियाणे मिसळते. शिवाय पाण्याचा ताण पडला की झाडातले ओडॅप वाढते.