सायकलपुढे धावणारा कुत्रा : बाइकजोरिंगची पार्श्वभूमी

हार्नेस म्हणजे छाती-पाठीभोवतीचा पट्ट्यांचा साज घातलेला एखादा किंवा फार तर दोन कुत्रे पुढे, त्यांच्यामागे ताण घेणारी लवचिक दोरी आणि त्या दोरीला जोडलेली माउंटन बाइक, असे ज्या खेळाचे स्वरूप आहे त्याला बाइकजोरिंग म्हणतात. हा खेळ अलीकडचा असला, तरी त्यामागचे कसब फार जुने आहे. रशियाच्या अतिउत्तरेकडील झोखोव्ह बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या वस्तीत बर्फगाड्यांचे भाग आणि कुत्र्यांचे अवशेष सापडले असून, आजच्या ध्रुवीय प्रदेशातील गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांशी त्यांचे जवळचे नाते जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. बैलाच्या मानेवर जू येण्याच्या कितीतरी आधीपासून कुत्रा माणसासाठी ओझे ओढत आला आहे.

बैलाला कासरा आणि घोड्याला लगाम असतो. बर्फगाडीच्या कुत्र्याला यांपैकी काहीच नसते, कारण तो माणसाच्या आवाजावर चालतो. इंग्रजी भाषक प्रदेशांत उजवीकडे वळण्यासाठी ‘जी’ आणि डावीकडे वळण्यासाठी ‘हॉ’ हे बैल व घोडे हाकणाऱ्यांचे जुने पुकारे कुत्र्यांसाठीही वापरले जाऊ लागले आणि बाइकजोरिंगमध्ये आजही तेच चालतात. अलास्कातील नोम येथे १९०८ मध्ये कुत्र्यांच्या बर्फगाड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या. पुढे १९२५ च्या हिवाळ्यात त्याच गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस चालकांनी आपापल्या कुत्र्यांसह सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर टप्प्याटप्प्याने कापून साडेपाच दिवसांत तेथे रोगाच्या विषावरचे औषध (अँटिटॉक्सिन) पोहोचवले. हिमवादळात माणसाला वाट दिसेनाशी होते, तेव्हा आघाडीचा कुत्रा ती शोधतो. त्यामुळे आज्ञा पाळण्याइतकाच त्याच्या स्वतंत्र निर्णयशक्तीलाही या परंपरेत मान आहे, आणि मला तिचे सर्वांत मोठे मोल तेथेच वाटते.

चाकांच्या गाडीचा इतिहास मात्र इतका अभिमानास्पद नाही. युरोपातील शहरांत दूध, भाजी आणि पाव विकणाऱ्या गरीब लोकांच्या गाड्या कुत्रे ओढत असत. बेल्जियममध्ये तर कुत्र्याला गरिबाचा घोडा म्हटले जाई, आणि १९१४ मध्ये बेल्जियन सैन्याच्या मशीनगनही कुत्र्यांनीच ओढल्या. दगडी फरसबंदीवर अतिभाराने होणारे त्यांचे हाल, गोंगाट आणि दमलेला कुत्रा पिसाळतो ही तेव्हाची समजूत अशा कारणांनी लंडन परिसरात १८३९ च्या कायद्याने आणि पुढे १८५४ च्या कायद्याने संपूर्ण इंग्लंडमध्ये अशा गाड्यांवर बंदी आली. १८७५ मध्ये पॅरिसच्या ह्युरे नावाच्या संशोधकाने तर कुत्रे चाकांच्या आत धावतील आणि त्यांच्या बळावर तीनचाकी चालेल अशा वाहनाचे पेटंट घेतले. कुत्र्याला केवळ इंजिन समजणारी ती कल्पना रुजली नाही, हे योग्यच झाले.

सायकल या परंपरेत शिरली ती सरावाची सोय म्हणून. बर्फ पडण्यापूर्वी शरद ऋतूत कुत्र्यांचा दम वाढवण्यासाठी चालक चाकांच्या गाड्या वापरत. शिवाय स्कीवर उभ्या असलेल्या माणसाला कुत्र्याने ओढण्याची स्कीजोरिंगची पद्धत स्कँडिनेव्हियात रुळलेली होती. १९८० च्या दशकात मजबूत माउंटन बाइक सर्वत्र मिळू लागल्या, पुढे शॉक शोषणारे फोर्क आणि डिस्क ब्रेक आले, आणि मातीच्या वाटेवर जोरात धावणाऱ्या कुत्र्यामागे सायकल ताब्यात ठेवणे शक्य झाले. आता बर्फाविना होणाऱ्या शर्यतींच्या जागतिक स्पर्धाही होतात. त्यांत बर्फगाडी ओढणाऱ्या हस्की जातीपेक्षा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर ही शिकारी जात आणि त्याच्या संकरातून आलेले सडपातळ कुत्रे अधिक दिसतात.

प्रशिक्षणाचा क्रम या इतिहासाशी जुळणारा आहे. ओढण्याची ऊर्मी बहुतेक कुत्र्यांत असतेच. शिकवायची असते ती दोरी ताठ ठेवण्याची, वळण्याची आणि थांबण्याची शिस्त. फिरायला नेताना कॉलर आणि ओढण्याच्या वेळीच हार्नेस असा भेद पाळला, की कोणत्या वेळी काय करायचे हे कुत्र्याला लवकर उमगते. वळण्याच्या आज्ञा आधी पायी चालताना, रस्त्याच्या प्रत्यक्ष फाट्यावर पक्क्या करून घेतात. मागून येणाऱ्या आवाजाला तो बिचकू नये म्हणून त्याला हलके टायर ओढायला देतात, मग सायकल हाताने ढकलत त्याच्या बाजूने नेतात, आणि त्यानंतरच कोणी सायकलवर बसते. कुत्रा अचानक मंदावला की दोरी सैल होऊन पुढच्या चाकात अडकू शकते. म्हणून हँडलखालून पुढे काढलेल्या दांड्यावरून ती नेली जाते. स्वार स्वतःही पेडल मारत राहतो, विशेषतः चढावर आणि सुरुवातीला, त्यामुळे सगळा भार कुत्र्यावर येत नाही.

हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंत, कुत्र्याला सायकलला जुंपत नाहीत, आणि डांबरी रस्त्याऐवजी मऊ मातीची वाट निवडतात. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो, त्यामुळे दमट हवेत त्याला उष्माघाताचा धोका लवकर संभवतो. युरोपातही पारा पंधरा अंशांच्या वर गेला की अनेक अनुभवी चालक सराव आवरता घेतात. महाराष्ट्रात हा खेळ करू पाहणाऱ्याने म्हणूनच घाटमाथ्यावरची हिवाळ्यातील पहाट सोडून दुसरी वेळ धरू नये, आणि किनारपट्टीवर तर या खेळाचा विचारच करू नये.