पद्मिनीत जिप्सीचं इंजिन: रेडिएटर पितळी ठेवावा की अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा?

काळा रंग मारलेले दोन रेडिएटर शेजारी उभे केले, तर त्यातला तांब्या-पितळेचा कोणता आणि अ‍ॅल्युमिनियमचा कोणता, हे नुसत्या नजरेने पटकन कळत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल चाळताना हा गोंधळ हमखास होतो. चुंबकाचा उपयोग नाही, तो दोन्हीला चिकटत नाही. उचलून बघायचा. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, ते हाताला जाणवतं. तरी खात्री वाटत नसेल तर टाकीच्या सपाट भागावर किल्लीच्या टोकाने बारीक ओरखडा काढायचा. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. ओरखडा जोडावर काढू नका, तिथलं सोल्डरही पांढरंच असतं आणि फसगत होते.

ओळखणं इतकं सोपं. निवडताना मात्र चर्चा भलत्याच मुद्द्यावर अडकते, आणि इंजिन बदललेल्या गाडीत ती चूक महागात पडते. म्हणून एकच गाडी समोर ठेवतो: कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. तिचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या आत. त्या जागी मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, ८० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवायचं आहे. जिप्सीचं इंजिन बॉनेटखाली लांबीला बसतं आणि ताकद मागे पाठवतं, त्यामुळे पद्मिनीच्या मागच्या चाकांशी त्याचं जमतं. इंजिन बसलं की पहिला प्रश्न रेडिएटरचा.

‘तांबं उष्णता जास्त वाहतं, म्हणून पितळी रेडिएटर जास्त थंड ठेवतो’, हे वाक्य तुम्ही दहा जणांकडून ऐकाल. आकडे खरे आहेत. उष्णतावहनात तांबं ३९० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या घरात आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम २३७ च्या आसपास. पण पितळी म्हणतो त्या रेडिएटरच्या फक्त फिन, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या, तांब्याच्या असतात. नळ्या पितळेच्या, म्हणजे ११०-१२०, आणि फिनला नळीशी धरून ठेवणारं शिसं-कथलाचं सोल्डर पन्नासच्या आसपास. शिवाय नळीची भिंत इतकी पातळ असते की धातूतून पलीकडे जाताना उष्णतेला फारसा अडथळा होतच नाही. खरी अडचण असते ती फिनवरून हवेत जाताना. चहा बशीत ओतून फुंकर घातली की निवतो. बशी चिनी मातीची आहे की स्टीलची, याने फार फरक पडत नाही. बशी किती पसरट आहे आणि फुंकर किती जोराची आहे, त्यावर सगळं ठरतं.

म्हणूनच रो, म्हणजे नळ्यांच्या रांगा, मोजून तुलना करू नका. पितळी रेडिएटरच्या चपट्या नळ्या साधारण १२-१३ मिलिमीटर रुंद असतात. पातळ पितळेची नळी याहून फार रुंद केली तर दाबाने फुगते. त्यामुळे क्षमता वाढवायची तर एकामागे एक तीन किंवा चार रो लावाव्या लागतात. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची भिंत जाड असल्याने ती २५ मिलिमीटर रुंद करता येते, आणि भट्टीत सुमारे ६०० अंशांवर ब्रेझिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडणी, केल्यामुळे फिन नळीच्या पूर्ण रुंदीवर सलग जोडली जाते. दोन रोचा अ‍ॅल्युमिनियम म्हणजे जवळपास चार रोचा पितळी, आणि मधल्या रिकाम्या फटी नाहीत. वजनही बरंच कमी. दुकानदाराने ‘हा तीन रोचा, तो दोनच रोचा’ असं सांगितलं तर नळीची रुंदी विचारा. आणि मागच्या रोला पुढच्या रोने तापवलेली हवा मिळते, म्हणून जाडी वाढवण्यापेक्षा समोरचं क्षेत्रफळ वाढवणं केव्हाही फायद्याचं. पद्मिनीत तेच नेमकं मर्यादित आहे. समोरची जागा अरुंद आणि उभी आहे, रुंदीला वाढवायला वाव कमी.

मग ८० हॉर्सपॉवरला जुन्या मापाचा रेडिएटर पुरेल का? ही भीती मला सगळ्यात जास्त वेळा विचारली जाते, आणि ती थोडा हिशेब मांडला की बरीच निवळते. इंजिनात ८० असले तरी उष्णता तयार होते ती तुम्ही वापरता तेवढ्या ताकदीची. पद्मिनी सुमारे ९०० किलोची. चार माणसं आणि सामान धरून १२०० किलो समजा. सहा टक्के चढावर ताशी ५० च्या वेगाने चढताना चाकांना सुमारे १३ किलोवॅट लागतात, म्हणजे जेमतेम १८ हॉर्सपॉवर. तोच चढ ७० ने घेतलात तर २० किलोवॅटच्या वर. पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने जेवढी ताकद बाहेर पडते तेवढीच उष्णता पाण्यात जाते. म्हणजे खंबाटकी घाटात पूर्वीच्याच चालीने चढलात तर रेडिएटरवरचा भार जवळपास पूर्वीइतकाच. नवं इंजिन मिळालं म्हणून ट्रक मागे टाकत चढलात तर भार दीडपट होतो. रेडिएटर निवडताना इंजिनाच्या कागदावरचा आकडा बघण्याआधी गाडी कुठे आणि कशी चालणार, हे स्वतःला विचारा.

माझं मत स्पष्ट आहे. एसी नसलेल्या, घरच्या वापराच्या आणि सुट्टीत कोकणात उतरणाऱ्या पद्मिनीसाठी मी मूळ पितळी टाक्या ठेवून त्यात नवा तीन रोचा कोअर, म्हणजे नळ्या आणि फिनचा मधला गाभा, बसवून घेतो. मूळ बोल्ट मूळ जागी बसतात, बॉनेट उघडल्यावर गाडी पद्मिनीच दिसते, आणि मुख्य म्हणजे हा रेडिएटर कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो.

हे काम एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. कारागीर गॅसच्या ज्योतीने वरच्या टाकीचा जोड तापवतो, सोल्डर थेंबाथेंबाने गळायला लागतं आणि टाकी डब्याच्या झाकणासारखी अलगद निघते. माझ्या गाडीच्या जुन्या नळ्यांची तोंडं आत पांढऱ्या खारीने बुजलेली होती. चाळीसेक नळ्यांपैकी निम्म्यांत सळई जात नव्हती. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचा तो परिणाम. नवा कोअर जोडून झाल्यावर कारागिराने दोन्ही तोंडांना रबरी बूच मारले, हवेचा पाइप लावला आणि अख्खा रेडिएटर पाण्याच्या हौदात दाबून धरला. खालच्या कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक वर आले. त्याने खडूने खूण केली, बाहेर काढून एक थेंब सोल्डर दिलं, पुन्हा बुडवला. या वेळी पाणी शांत राहिलं.

चाचणी किती दाबाला झाली, हे त्याला विचारायलाच हवं. जिप्सीच्या काळातल्या इंजिनांची शीतनव्यवस्था ०.९ बारच्या आसपासच्या कॅपवर, म्हणजे दाब धरून ठेवणाऱ्या झाकणावर, चालते. त्या दाबाला साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून इंजिनाला मोकळीक मिळते. जुन्या गाड्यांच्या टाक्या त्याहून कमी दाबाच्या कॅपसाठी बनलेल्या. नुसती नवी कॅप जुन्या टाकीवर चढवली तर जोड उसवतो, किंवा हीटर असेल तर तो फुटतो. कोअर भरतानाच सगळे जोड नव्याने करून घ्या आणि चाचणी कॅपपेक्षा जास्त दाबाला करून घ्या.

अ‍ॅल्युमिनियमकडे मी वळतो ते एसी लावायचा असेल तेव्हा. एसीचा कंडेन्सर, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, पुढे आला की रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते आणि तीच जागा जास्त काम मागते. इंजिन याहून मोठं असेल किंवा गाडी सतत दाबून चालवायची असेल, तरी अ‍ॅल्युमिनियमच. मापाप्रमाणे बनवून घ्या आणि टाक्याही अ‍ॅल्युमिनियमच्या, वेल्ड केलेल्या घ्या. आजकालच्या गाड्यांचे प्लॅस्टिक टाकीचे रेडिएटर स्वस्त पडतात, पण त्यांचे बोल्टचे कान आणि पाइपची तोंडं तुमच्या जागी नसतात आणि प्लॅस्टिकवर नवीन तोंड जोडता येत नाही.

पण अ‍ॅल्युमिनियमला एक गोष्ट अजिबात सहन होत नाही: पाण्यातून वाहणारी वीज. माझा पहिला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर १४ महिन्यांत खालच्या बाजूने सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी गळायला लागला. कारण इंजिन बदलतानाचं होतं. नवं इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलं, पण इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी गॅरेजमध्ये परत लावलीच गेली नव्हती. शिवाय पंख्याची अर्थिंगची वायर रेडिएटरच्या ब्रॅकेटवर घेतली होती. विजेने जो रस्ता सापडला तो धरला, आणि तो कूलंटमधून होता. पितळी रेडिएटरने हे जास्त काळ सोसलं असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळीला पडलेलं असं भोक रस्त्यावर नीट बुजवता येत नाही, आणि वेल्डिंग करणारा चांगला हात प्रत्येक गावात मिळत नाही.

कूलंटबाबत मात्र दोघांनाही सूट नाही. जिप्सीच्या या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. म्हणजे रेडिएटर पितळी ठेवलात तरी पाण्याच्या वाटेवर अ‍ॅल्युमिनियम आलंच, आणि दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की झिजतो तो अ‍ॅल्युमिनियम. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट अर्धं-अर्धं, दर दोन वर्षांनी बदलायचं. बोअरचं पाणी टॉप-अपलाही नको. पितळी रेडिएटर असेल तर डब्यावर तांबं, पितळ आणि सोल्डरला चालतं असं लिहिलेलं बघून घ्या.

पंख्याकडे दुर्लक्ष करून रेडिएटर बदलत राहणारे खूप पाहिले. गाडी सिग्नलला तापते आणि चालायला लागली की उतरते, तर दोष हवेचा आहे, रेडिएटरचा नाही. पंखा जवळ आणा, भोवती श्राउड, म्हणजे हवा कोअरमधूनच खेचायला लावणारं आवरण, बसवा. उलट हायवेला तापत असेल तर कोअर अपुरा किंवा बुजलेला. इलेक्ट्रिक पंखा लावायचा तर जुना डायनामो पुरणार नाही, पण जिप्सीच्या इंजिनासोबत अल्टरनेटर येतोच.

कागदांचं काम इंजिन उतरवायच्या आधी करा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलाची नोंद आरसी बुकावर व्हावी लागते. गाडीला ५० वर्षं झाली असतील तर २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज नोंदणी मूळ स्वरूप टिकवलेल्या गाडीलाच मिळते, हे लक्षात ठेवून मगच पाना हातात घ्या.

पहिल्यांदा पाणी भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे रेडिएटरची कॅप सगळ्यात उंच राहते. जिप्सीच्या इंजिनाचं वरचं तोंड कॅपपेक्षा उंच बसत असेल तर वेगळी छोटी टाकी वर लावावीच लागेल, नाहीतर हवा अडकून राहील. इंजिन थंड असतानाच, कॅप उघडी ठेवून सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. तेवढ्यात मल्टिमीटर काढा. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायरचं टोक कुठेही धातूला न टेकवता नुसतं कूलंटमध्ये. दिवे आणि पंखा सगळं चालू ठेवून ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर त्याच दिवशी अर्थिंगची पट्टी शोधायला लागा.