पाकलो, घाटी, बेवडा ख्रिस्ताव: गोव्यातल्या जोक्सची जुनी कुंडली

गोव्यात टुरिस्ट सीझन सुरू झाला की हा वाद ठरलेला. कोणीतरी रील फॉरवर्ड करतो, रशियन असा खेकसतो, दिल्लीवाला असा गाडी चालवतो, आणि गोंयकार तर काय दुपारी झोपलेलाच, मग घरातच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते हसा की रे एवढं काय मनाला लावून घेता, दुसरी म्हणते हा सरळ अपमान आहे. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. पण हे जोक आले कुठून, कोणाकडून कोणाकडे गेले ते बघितलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, जोक नेहमी उतारावरून वाहतो, आधी येऊन बसलेल्याकडून नंतर आलेल्याकडे, पगार देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे.

प्रकार काही नवा नाही. फिलोगेलोस नावाचं ग्रीक विनोदांचं एक संकलन आहे, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातलं, त्यात अब्देरा, सिडॉन आणि कायमी या तीन गावांच्या लोकांवर वेगळे जोक आहेत, सगळे मठ्ठपणाचे, गावाचं नाव बदललं तर आज सरदारजीच्या नावावर सहज खपतील असे. आणि आपण मराठी लोकसुद्धा सुटलेलो नाही बरं का. उद्द्योतनसूरी या जैन मुनीनं राजस्थानात जालोरला ७७९ साली 'कुवलयमाला' लिहिली, त्यात बाजारात जमलेल्या वेगवेगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांची वर्णनं आहेत, कोण कसा दिसतो, कसा वागतो, कोणता शब्द सारखा तोंडात. मरहट्टे कसे, तर दणकट, बुटके, सावळे, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर, आणि बोलताना 'दिण्णले गहिल्ले' करणारे. आपले अभ्यासक हा उतारा मराठीचा जुना पुरावा म्हणून कौतुकानं देतात, 'भांडखोर' शब्दाचा राग आलेला मी तरी कोणी बघितला नाही. बाराशे वर्षं झाली की अपमानाचाही वारसा होतो बहुतेक.

गोव्यात ही भानगड लेखी स्वरूपात पोर्तुगिजांबरोबर, म्हणजे कोकणीतल्या 'पाकलो'बरोबर येते. १५१० ला ते आले आणि इथल्या लोकांना 'कानारी' म्हणायला लागले, म्हणजे आपल्याला कानडी ठरवून मोकळे, आणि तो शब्द पुढे हिणवायलाच वापरला गेला. कामोइंश हा त्यांचा महाकवी, त्यानं तर गोव्याबद्दल लिहिलं की ही बदमाशांची आई आणि सभ्य माणसांची सावत्र आई, पण तो टोमणा तरी त्यांच्याच लोकांना होता. खरा मसाला बोकाझचा. हा लिस्बनचा कवी १७८६ ला नौदलातून गोव्यात आला, तेव्हा जुनं गोवा शहर रोगराईनं ओस पडलेलं. त्यानं सॉनेट लिहिलं, गोव्या तू सगळ्यांत वाईट, शहर कमी आणि उजाड रान जास्त, पण मिजास मात्र लंडन, पॅरिस, लिस्बनपेक्षा मोठी, इथं ज्याला त्याला 'सेन्योरिया', म्हणजे सरकार-हुजूर, म्हणवून घ्यायचंय, अगदी पाद्रीलासुद्धा. वाचताना मला हसू येतं हे खरं, कारण पोकळ मिजास आमच्या गावांतून अजून गेलेली नाही. पण लिहिणारा साहेबाच्या जातीचा, आणि ज्यांच्यावर लिहिलं त्यांना तितक्याच जोरात उलट छापायची सोय नव्हती. त्यानंतर १८५१ मध्ये इंग्रज रिचर्ड बर्टनचं प्रवासवर्णन आलं, तो आजारपणाची रजा काढून इकडे फिरून गेला होता, त्यानं पोर्तुगीज आणि गोंयकार दोघांचीही यथेच्छ टर उडवली. इंग्रजाच्या नजरेत तोवर पोर्तुगीजच खालचा झाला होता ना.

आणि यातली गंमत ब्राझीलमध्ये आहे. ब्राझील १८२२ ला स्वतंत्र झाला, नंतर पोर्तुगालहून गरीब लोक तिकडे पोट भरायला गेले, बेकरी, किराणा दुकानं टाकली, आणि ब्राझीलमधला मठ्ठ माणूस म्हणजे मानुएल आणि जोआकिम झाला. पोर्तुगीजांवरचे जोक तिकडे एवढे की तो वेगळा प्रकारच मानतात. इकडचा साहेब तिकडचा गणपू. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये आळशी, संथ कोण, तर दक्षिणेचा आलेंतेजो प्रांतवाला, म्हणजे जो शिक्का आमच्यावर 'सुशेगाद' म्हणून मारतात तोच. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यानं जगभरचे असे जोक गोळा केले, त्याचं म्हणणं असं की मठ्ठपणाचे जोक फार परक्या लोकांवर होत नाहीत, आपल्यासारख्याच पण कडेला राहणाऱ्यांवर होतात, इंग्रजाचे आयरिशवर, फ्रेंचाचे बेल्जियनवर. त्याचं असंही म्हणणं होतं की जोक हा थर्मामीटर आहे, थर्मोस्टॅट नाही, म्हणजे तो ताप दाखवतो, चढवत नाही. पहिलं पटतं. दुसरं मला गोव्यात बसून पूर्ण पटत नाही, त्याचं कारण पुढे आहे.

आधी मुंबई. पोर्तुगीज काळातच गोंयकार कामाला मुंबईला गेले, स्वयंपाकी, आया, बोटीवरचे तारवटी, बँडवाले. धोबीतलावच्या बाजूला गावागावांची कुड्डं, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्या, तिथं राहायचं आणि बोटीची वाट बघायची. पहिला तियात्र, म्हणजे आमचं कोकणी नाटक, तोसुद्धा १८९२ ला मुंबईतच झाला. मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि चोरून प्यायला लोक घरी दारू विकणाऱ्या 'आंटी'कडे जायला लागले, या आंट्यांत गोंयकार बायकाही होत्या. प्यायला येणारे सगळ्या जातीधर्माचे, पण बेवडा कोण ठरला, तर ख्रिस्ताव, म्हणजे ख्रिश्चन! सिनेमानं तो शिक्का पक्का केला, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात बाटली, "क्या मॅन". आणि याच सिनेमांच्या गाण्यांचं स्टाफ नोटेशन लिहिणारे, ऑर्केस्ट्रा बसवणारे कोण, तर सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. या अँथनीबाबांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, त्यांचं नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात आलं, गुरूला मान म्हणून, आणि पडद्यावरचा अँथनी करतो काय, तर दारूचा गुत्ता चालवतो. मला तो सिनेमा आवडतो, पुन्हा लागला तर पुन्हा बघेन, पण हे कळल्यापासून ते गाणं लागलं की थोडं टोचतं.

१९६१ ला गोवा मुक्त झाला आणि उतार फिरला. महाराष्ट्रातून डेप्युटेशनवर अधिकारी आले, शिक्षक आले, त्यांची 'घाटी' म्हणून चेष्टा सुरू झाली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणारी मतं १,७२,१९१ आणि हवं म्हणणारी १,३८,१७०, आणि नको म्हणणारं 'राष्ट्रमत' हे दैनिक चक्क मराठीतलं. त्यामुळे आम्हा गोव्यातल्या मराठीवाल्यांची अडचण आजही तीच, इथं कोणी म्हणतो जा तुमच्या महाराष्ट्रात आणि पुण्यातला पाहुणा म्हणतो गोव्याचे ना, मग फेणी काढा. दोन्हीकडे हसायचं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून पटकन. हणजुणला हिप्पी, मोरजीला रशियन पाट्या, मग देशी टुरिस्ट. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर एक मंत्री कार्यक्रमात उघड म्हणाले की हे लोक गोव्याचा हरियाणा करायला निघालेत, टाळ्याही पडल्या असतील.

पण २०१३ विसरता येत नाही. ऑक्टोबरअखेर पर्रा इथं एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि पुढच्या काही दिवसांत एका मंत्र्यानं नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं, नंतर दिलगिरीही व्यक्त केली. नायजेरियन नकोत, ड्रग्ज नकोत असे बॅनर लागले. नायजेरियन म्हणजे ड्रग्जवाला हा जोक किनारपट्टीवर आधीपासून होताच, हसण्यावारी नेलेला. म्हणून ते थर्मामीटरचं मला पटत नाही. तोच जोक खोली भाड्यानं देताना नियम होतो, मग तिथं ताप मोजत कोण बसणार.

याउलट व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा. लोटलीच्या या माणसानं जाडे पाद्री, टाईट झालेले बाप्ये, खिडकीतून डोकावणाऱ्या बायका काढल्या, सगळे शिक्के तेच, आणि आम्ही ते टाईल्सवर लावून मिरवतो, कारण तो आमच्यातला आणि चिडवत होता ते शेजाऱ्यांना.

कायद्याचं म्हणाल तर सरदारजींच्या जोक्सवर बंदी आणा म्हणून केस सुप्रीम कोर्टात गेली होती, २०१७ मध्ये कोर्ट म्हणालं की नागरिकांसाठी नैतिकतेची गाईडलाईन आम्ही घालू शकत नाही. बरोबरच आहे, पोलीस काय प्रत्येक टपरीवर बसवणार?

सध्या उताराच्या तळाशी कोण आहे ते सगळ्यांना दिसतंय, मालीम जेटीवरच्या ट्रॉलरवर ओडिशा-झारखंडची पोरं, शॅकमध्ये ग्लास धुणारी पोरं. त्यांच्यावरचे जोक मराठीत आणि कोकणीत भरपूर ऐकले. त्यांचे आमच्यावरचे पण असणारच, रात्री जाळी आवरताना काय काय म्हणत असतील, फक्त ते झारखंडकडच्या सादरीत किंवा उडियात असतात आणि आमच्यातल्या कोणाला त्या भाषा येत नाहीत.