बेअरिंग वाजायच्या आधी

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडचा जुना फिटर अजूनही स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो, "वाजतंय, बदला." निदान बहुधा बरोबर निघतं. पण कानाला कळेपर्यंत बेअरिंगचं बरंचसं आयुष्य संपलेलं असतं.

वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी छर्र्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. ते किती टिकणार, याचा पक्का सांख्यिकी पाया मात्र स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७ मध्ये घातला. एकाच खोक्यातली, एकाच भाराखाली फिरणारी बेअरिंगं एका दिवशी जात नाहीत. म्हणून कारखानदाराच्या तक्त्यातलं आयुष्य म्हणजे १०० पैकी ९० जिथवर टिकतात ती मुदत. आपलं बेअरिंग उरलेल्या १० मधलं आहे का, हे तक्ता सांगत नाही. ते यंत्रालाच विचारावं लागतं.

अमेरिकेत टी. सी. रॅथबोन यांनी १९३९ मध्येच यंत्राची थरथर किती चालेल याच्या मर्यादा मांडल्या होत्या. असमतोल त्यातून कळायचा; रेसवरचा, म्हणजे छर्रे ज्यावरून धावतात त्या कड्यावरचा, बारीक खळगा नाही.

खळगा ओळखायला लागते मोजणी. पंपांत सर्रास दिसणारं ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग घ्या. छर्रे ९. शाफ्टचे, म्हणजे फिरत्या दांड्याचे, मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५. बाहेरच्या रेसला खळगा असेल तर सेकंदाला सुमारे ९० टकटक, आतल्या रेसला असेल तर सुमारे १३५. न उघडताच दुखणं कुठे ते कळतं! पण ही टकटक इतकी हलकी, की शाफ्टच्या थरथरीत बुडून जाते. मात्र प्रत्येक ठोक्यासरशी आजूबाजूचं धातू घंटेसारखं हजारो हर्ट्झवर घुमतं. १९७० च्या दशकात तंत्रज्ञांनी खालचा गोंगाट गाळून टाकला आणि त्या घुमण्याचे चढउतार तेवढे मोजले. हेच एन्व्हलप विश्लेषण. कूली आणि ट्यूकी यांच्या १९६५ च्या गणिती रीतीमुळे थरथरीतून सेकंदाला किती ठोके ते वेगळं काढायचा हिशेब झटपट होऊ लागला होता. १९७८ मध्ये डायर आणि स्ट्युअर्ट यांनी कुर्टोसिस, म्हणजे थरथर किती टोकदार उसळ्या मारते ते सांगणारा आकडा, सुचवलं: चांगल्या बेअरिंगला सुमारे ३, खळगा पडला की वर. आकडा तसा लबाडच, कारण झीज सगळीकडे पसरली की पुन्हा खाली येतो आणि बेअरिंग बरं झाल्यासारखं वाटतं.

गोव्याच्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा खनिजाचे पट्टे आणि पंपही थांबले. अशा उभ्या यंत्राचं बेअरिंग सुखात असतं असं नाही. पावसाळी दमटपणा ग्रीसमध्ये शिरतो, छर्रा टेकलेला असतो तिथेच रेसला गंज धरतो. शेजारी दुसरं यंत्र चालू असेल तर त्याच्या थरथरीनेही तिथेच खळगे पडतात. शाफ्टच फिरत नाही, तर टकटक कुठली? सेन्सर कितीही महागाचा असो. तिथे फिटरचाच उपाय चालतो: ठरल्या दिवशी शाफ्ट हाताने फिरवायचा, जुन्या जागी न आणता सोडायचा, आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगवर खडूने तारीख टाकायची.